अभ्यासपाठ : संपावरच्या मदतनीस ताईला लागलेला दंड



दर महिन्याला आपण या पानावर बचत, कर्जफेड, विमा, वही लिहिणे असे विषय घेतो. या वेळी विषय आहे मजुरीचा. कामाचा मोबदला कोण ठरवतं, तो कमी वाटला तर बायांनी काय करायचं, आणि संप म्हणजे नेमकं काय, हे समजून घेऊ. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, असं धरून लिहिलंय. कुठे पटलं नाही तर तिथंच थांबा आणि बोला.

त्या दिवशी काय झालं

जानेवारी २०२४ ची गोष्ट आहे. आर्णी तालुक्यातल्या एका गावात गटाची बैठक होती. मी या कामात नवीनच होते. गटात दहा जणी, त्यातली एक गावच्या अंगणवाडीत मदतनीस. त्या महिन्यात तिने बचत आणली नव्हती आणि कर्जाचा हप्ताही नव्हता. कारण सगळ्यांना माहीत होतं. अंगणवाडीच्या ताया दीड महिन्यापासून संपावर होत्या, मानधन बंद होतं.

एक ताई म्हणाली, "नियम तं नियम हाय. दंड लावा. संपावर बसायले कोनं सांगतलं होतं तिले?"

दुसरी म्हणाली, "आमी दिवसभर कापूस वेचतो, आमाले कोन वाढवून देते? हिले तं सरकारचा पगार भेटते."

तिसरीचं दुखणं वेगळं होतं. याच गटातल्या दोघी-तिघी अंगणवाडीतल्या लेकरांसाठी गरम ताजा आहार शिजवायच्या. अंगणवाडीला कुलूप, म्हणून त्यांची चूल बंद आणि त्यांचं बिलही बंद. "तिच्या संपापायी आमचं काम गेलं," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं.

मदतनीस ताई काहीच बोलली नाही. "भरते पुढच्या महिन्यात," एवढंच म्हणाली. वीस रुपये दंड लागला. मी इतिवृत्त लिहिलं, सह्या घेतल्या आणि पुढचा विषय घेतला. गटाच्या नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. पण गाडीवर आर्णीला परत येताना मला वाटत राहिलं, की तिथं मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. समाजकार्य शिकले, परीक्षेत संघटनेवर पानंच्या पानं लिहिली, आणि त्या ताईच्या बाजूने दोन वाक्यं मला सुचली नाहीत. तेव्हा बोलले नाही, ते आता लिहितेय.

संप कशासाठी होता

अंगणवाडी ही एकात्मिक बालविकास योजनेची. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली. गावातलीच एखादी शिकलेली बाई दिवसातले काही तास लेकरं सांभाळेल, तिला चहापाण्यापुरते पैसे देऊ, असा तेव्हाचा विचार. म्हणून तिच्या पैशाला नाव दिलं 'मानधन'. मान म्हणून दिलेलं धन.

पुढे काम वाढत गेलं. लेकरांची वजनं-उंची, गरोदर बायांची नोंद, पोषण आहार, लसीकरणाला मदत, घरोघरी भेटी, सर्वेक्षण, आणि आता मोबाईलवर रोज माहिती भरणं. शब्द मात्र तोच राहिला.

राज्यातल्या सुमारे दोन लाख सेविका आणि मदतनीस ४ डिसेंबर २०२३ पासून संपावर गेल्या. संप २५ जानेवारी २०२४ ला मागे घेतला. दोन महिन्यांना थोडे दिवस कमी. त्या वेळी सेविकेचं मानधन महिन्याला १०,००० रुपये होतं आणि मदतनिसाचं ५,५०० रुपये. मुख्य मागण्या तीन होत्या : सेविकेला महिन्याला २६,००० रुपये, निवृत्तीनंतर पेन्शन आणि ग्रॅच्युइटी. संपाच्या काळात अनेक ठिकाणी कामावरून कमी करण्याच्या नोटिसा गेल्या. शेवटी पेन्शन आणि ग्रॅच्युइटीबाबत सरकारने आश्वासन दिलं आणि अंगणवाड्या उघडल्या.

वही काढा, हिशोब करू

'पगार भेटते' असं आपण म्हणतो, तेव्हा आकडा क्वचितच मांडतो. आता मांडू. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरा.

मदतनीस : ५,५०० भागिले २६ = दिवसाला साधारण २११ रुपये.
सेविका : १०,००० भागिले २६ = दिवसाला साधारण ३८४ रुपये.

आता याच्या बाजूला रोजगार हमीचा दर लिहा. २०२३-२४ या वर्षी महाराष्ट्रात रोहयोची मजुरी दिवसाला २७३ रुपये होती. म्हणजे नाल्याच्या कामावर माती उचलणाऱ्या बाईला दिवसाला जेवढे ठरले होते, त्यापेक्षा मदतनीस ताईला ६२ रुपये कमी. आणि ही सरकारचीच दोन कामं.

संपानंतर त्याच वर्षी, २०२४ मध्ये, सरकारने मानधन वाढवलं. सेविकेचं १३,००० आणि मदतनिसाचं ७,५०० झालं. त्यावर प्रोत्साहन भत्ता वेगळा, पण तो कामाच्या अटी पूर्ण केल्या तर. आता पुन्हा भागाकार करा. ७,५०० भागिले २६ = साधारण २८८. रोहयोचा दर २०२४-२५ मध्ये २९७ झाला होता. एवढं सगळं करून मूळ मानधनात मदतनीस ताई अजून नऊ रुपये मागेच होती.

अंगणवाडीची वेळ मजुरीच्या दिवसापेक्षा कमी असते, असं कोणी म्हणेल. ते काही अंशी खरं आहे. पण सर्वेक्षण, घरभेटी, मोबाईलवरची नोंद हे त्या वेळेत बसतं का, हे तुमच्या गावच्या ताईला विचारा. आणि रोहयोचं काम संपलं की बाई दुसरीकडे जाऊ शकते. अंगणवाडीच्या ताईला रोज त्याच वेळी कुलूप उघडावं लागतं.

शब्दाने काय फरक पडतो

मानधन म्हणा, पगार म्हणा, मजुरी म्हणा, हाती येणारे पैसे तेच, असं वाटतं. तसं नाही. 'मजुरी' किंवा 'वेतन' म्हटलं की त्यामागे कायदा उभा राहतो. १९४८ मध्ये किमान वेतनाचा कायदा आला. १९७६ मध्ये समान वेतनाचा आला, की सारख्या कामाला बाई-गडी असा फरक करायचा नाही. 'मानधन' म्हटलं की असे कायदे दाराबाहेर थांबतात, कारण मान देणं हे देणाऱ्याच्या मर्जीवर असतं.

याच मुद्द्यावर कोर्टात दोन वेगळे निकाल लागले. २००६ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अंगणवाडी सेविका ही सरकारी पदावरची नोकर नाही. पुढे गुजरातमधल्या दाहोद जिल्ह्याचं प्रकरण गेलं. त्यात २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, आणि त्यासाठी त्यांचं मानधन हे वेतनच धरलं जाईल. निकाल दिला तेव्हा न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक होते.

ग्रॅच्युइटी म्हणजे काय? एका ठिकाणी पाच वर्षं सलग काम झालं, की काम सोडताना प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार एकरकमी. हिशोब असा : महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले कामाची वर्षं. महिन्याला १०,००० घेणाऱ्या आणि २० वर्षं काम केलेल्या सेविकेचे होतात साधारण १,१५,३८५ रुपये. म्हातारपणी एक लाखाच्या वर हातात येणं की नुसता हार-नारळ घेऊन घरी जाणं, एका शब्दामुळे एवढा फरक पडतो.

२०१३ मध्ये ४५ व्या भारतीय श्रम परिषदेनेही शिफारस केली होती, की योजनेत काम करणाऱ्या अंगणवाडी, आशा अशा बायांना कामगार माना आणि किमान वेतन द्या. सरकार, मालक आणि कामगार संघटना अशा तिघांची ती परिषद असते. त्यानंतर दहा वर्षांनी आपल्याकडे संप झाला.

दुसरी बाजूही ऐकू

पाठ एकतर्फी नको. संपात तीन प्रश्न खरे असतात.

पहिला, पैसा. दोन लाख बायांना महिन्याला फक्त एक हजार वाढवले, तरी महिन्याला २० कोटी आणि वर्षाला २४० कोटी रुपये लागतात. शिवाय ही योजना केंद्र आणि राज्य दोघांची. केंद्राने सेविकेचं मानधन ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० रुपये ठरवलं, त्यावर राज्य भर घालतं. म्हणून मागणी दिल्ली आणि मुंबईच्या मध्ये लोंबकळते.

दुसरा, लेकरं. अंगणवाडी बंद म्हणजे गरिबाच्या लेकराचं एक वेळचं ताजं खाणं बंद. तांड्यावरचं, वस्तीवरचं लेकरू दोन महिने त्याच्याविना राहिलं. हे नुकसान कोणी भरून देत नाही.

तिसरा, दुसऱ्या गरिबाची रोजी. आपल्या आहार शिजवणाऱ्या ताया याच जागी होत्या. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नको, गावातले बचत गट, महिला मंडळं यांना काम द्या. म्हणून ते काम आपल्याकडे आलं. सेविकेचं काम आणि आपली चूल एकाच खोलीत आहे, म्हणून ती थांबली की आपणही थांबलो.

एसटीचा संप आठवा. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी सुरू झाला. आर्णीहून यवतमाळला जायला रेल्वे नव्हती, काळीपिवळीवाल्यांनी मागितलं तेवढं द्यावं लागलं. आपण कर्मचाऱ्यांना शिव्या घातल्या. त्यांची मागणी होती, एसटी महामंडळ राज्य सरकारात विलीन करा. ती मान्य झाली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये पगारवाढ जाहीर झाली, कमी वर्षं नोकरी झालेल्यांना सर्वात जास्त, ५,००० रुपये. तरी अनेक जण विलीनीकरणासाठी थांबून राहिले. उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये कामावर परतायला सांगितलं, तेव्हा गाड्या पूर्ण सुरू झाल्या. इतके महिने पगार बुडाला, काही मिळालं, काही मिळालं नाही. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वात सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो कधी रीतसर मागेच घेतला गेला नाही, आणि कितीतरी घरं गावाकडे परतली. संप हा जुगार नाही, पण त्यात हरायलाही होतं. ते माहीत असूनही बाया संपावर जातात, म्हणजे त्यांना दुसरा दरवाजा उघडा दिसत नसतो.

संप आणि आपला गट

संप म्हणजे कामाला दांडी मारणं नव्हे. आधी संघटना लागते. सात जण मिळून कामगार संघटना नोंदवायला अर्ज करू शकतात. आपल्या गटाला दहा लागतात! त्यांची वर्गणी असते, बैठक असते, पदाधिकारी असतात, ठराव असतो. निवेदन द्यायचं, चर्चा करायची, नोटीस द्यायची, आणि काहीच झालं नाही तर काम थांबवायचं. काम थांबलं की मोबदला थांबतो. अत्यावश्यक सेवेचा कायदा लागला तर संप बेकायदाही ठरू शकतो. मार्च २०१८ मध्ये तो अंगणवाडीच्या तायांना लावला होता, विरोध झाल्यावर स्थगिती आली.

आपणही एकेकटीने बँकेत गेलो तेव्हा कोणी खुर्ची दिली नाही. दहा जणी गेलो तेव्हा साहेबांनी फाईल उघडली. मदतनीस ताईने तेच केलं. तेव्हा ती बँकेच्या दारात आपल्यासोबत होती, आपण मात्र तिच्या मोर्चाला गेलो नाही, वर दंड लावला.

"आमाले कोन वाढवून देते?" हा प्रश्न मात्र खरा आहे, त्याला टाळायचं नाही. आपल्या वेचणीचा दर, निंदणाची रोजी, सोयाबीन सोंगायचा भाव कोण ठरवतं? बहुतेक वेळा बाया गाडीत बसल्यावर कळतो. एका गावात दर वाढला की शेजारच्या गावातही वाढतो, हे तुम्ही पाहिलं आहे. तसंच मदतनिसाचा दर वाढला, की गावात बाईच्या दिवसाची किंमत थोडी वर सरकते. आशाताईंनी २०२४ च्या सुरुवातीला संप केला, मार्चमध्ये राज्याने महिन्याला ५,००० रुपये वाढ दिली. आपल्या समुदाय संसाधन व्यक्तींचं मानधन २०२३ मध्ये ३,००० वरून ६,००० झालं. एकीच्या वाढीने दुसरीचं कमी झालं, असं कुठे दिसलं नाही.

आता आपल्या घरात डोकावू

सरकारला नावं ठेवणं सोपं. आपला गट, आपला ग्रामसंघ हाही कोणाकडून तरी काम करून घेतो. वही लिहिणाऱ्या ताईला आपण महिन्याला काय देतो? ती किती तास लिहिते? आहार शिजवणाऱ्या दोघींना बिल आल्यावर वाटा देतो, पण बिल लांबलं तर? "आपलीच आहे, करते सेवा," असं म्हणतो ना? १९७५ मध्ये अंगणवाडीच्या ताईबद्दलही हाच विचार झाला होता.

गटात करायचा अभ्यास

१. १९५७ च्या श्रम परिषदेने किमान वेतन मोजायची रीत सांगितली. नवरा, बायको, दोन लेकरं मिळून तीन मोठ्या माणसांचं खाणं धरायचं. घराचं वर्षाचं कापड ७२ वार. घरभाडं. सरपण, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. आणि हे सगळं एकाच्या कमाईत भागलं पाहिजे. पुढे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. या रीतीने फळ्यावर आपल्या गावच्या भावात एका घराचा महिन्याचा खर्च मांडा. आलेल्या आकड्याला २६ ने भागा. ही झाली तुमच्या गावातली जगण्यापुरती रोजी.

२. त्याखाली लिहा : निंदणाची रोजी, फवारणीची गड्याची रोजी, वेचणीत दिवसभरात पडणारे पैसे, मदतनीस ताईची रोजी, वही लिहिणाऱ्या ताईची रोजी. कोणती रोजी त्या आकड्याच्या जवळ आहे?

३. वेचणीच्या हंगामाआधी गावातल्या सगळ्या गटांनी मिळून दर ठरवता येईल का? आपल्यातल्याच काही जणींची शेती आहे, त्यांनाही बोलू द्या. कापसाचा भाव पडला असेल तर त्यांचीही अडचण खरी आहे.

४. गटाच्या दंडाचा नियम काढून वाचा. आजारपण, बाळंतपण, संप, मजुरी थकणे अशा वेळी आधी सांगितलं तर दंड माफ आणि हप्ता पुढे, असा ठराव घ्यायचा का? हप्ता माफ करा असं मी म्हणत नाही. कर्ज फेडलंच पाहिजे. फक्त तिची अडचण आणि तिची चूक या दोन गोष्टी वेगळ्या धरा.

तो वीस रुपयांचा दंड मदतनीस ताईने संप मिटल्यावर भरला. वहीत जमा आहे, खाली माझीही सही आहे. तो परत करायचा की नाही, हे गट ठरवेल. मला विचाराल तर मी सांगेन, करावा. पुढच्या बैठकीत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा अशी विनंती मी अध्यक्ष ताईंना केली आहे. तुमच्या गटातही असा एखादा दंड वहीत पडून असेल, तर शोधा आणि महिनाअखेरच्या ग्रामसंघाच्या बैठकीत घेऊन या.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, आर्णी